एकशे चौदावं पान

ताईच्या पत्राला उत्तर पाठवायचं राहिलं त्याला आता सात महिने झाले होते. उत्तर लिहिलंच नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. सूचीकारांनी ते नऊ वेळा लिहिलं होतं. पहिल्या खेपेला ‘हो’ लिहिलं, आणि ते फार उतावळं दिसतं म्हणून फाडलं. दुसऱ्या खेपेला ‘नाही’ लिहिलं, आणि वाचताना स्वतःचेच डोळे भरून आले म्हणून तेही फाडलं. पुढची सात उत्तरं या दोहोंच्या मधली होती. ती इतकी मधली होती, की कशाचं उत्तर आहे ते त्यांचं त्यांनाच कळेना.

ताईचं पत्र मात्र चार ओळींचं होतं. “माझे गुडघे संपावर गेलेत. टेकडी चढवत नाही. मधमाश्यांच्या पेट्या सगळ्या वाटून टाकल्या, एक उरली आहे. तिच्यातल्या माश्या चांगल्या स्वभावाच्या आहेत. ती तुला द्यायची माझ्या मनात आहे. हो की नाही ते कळव. ता. क. घाबरू नकोस.”

ताई ऐंशी पार केलेली, सूचीकार त्र्याहत्तरचे. फोन करून मोकळं व्हावं, तर ताईला ऐकायला येत नसे. फोनवर ती एकटीच बोले आणि बोलणं झालं की ठेवून देई. तेव्हा पत्राला इलाज नव्हता.

सूचीकार हा त्यांचा धंदा, आणि पुढे तेच नाव पडलं. पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात जी पानं असतात, कोणता विषय कोणत्या पानावर ते सांगणारी, ती त्यांनी अडतीस वर्षं तयार केली. पूल बांधण्यापासून पोटदुखीपर्यंत जगातल्या सगळ्या विषयांशी त्यांची ओळख होती. घरोबा एकाशीही नव्हता. कोणी काही विचारलं की त्यांना उत्तर आठवत नसे, ते कुठे सापडेल एवढं आठवे.

तर असा हा मनुष्य दहाव्या उत्तरासाठी कागद शोधत असताना खाली टेंपो थांबला. ड्रायव्हर पाठीवर पेटी घेऊन जिना चढून आला. पेटीभोवती ओलं पोतं होतं आणि पोत्यातून गुणगुण येत होती.

“आजोबा, कुठं ठेवू? लवकर सांगा, आतली मंडळी चिडलीत.”

“अहो, पण मी हो कुठं म्हटलंय?”

“आजी म्हणाल्या, त्याला नाही म्हणायला दोन वर्षं लागतात, तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. त्यांना काय सांगू?”

“पत्र लिहितो म्हणावं,” सूचीकार म्हणाले.

“तेच सांगतील असंही म्हणाल्या,” ड्रायव्हर म्हणाला आणि गच्चीची वाट विचारू लागला.

पेटी गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. पहिले चार दिवस सूचीकार लांबून बघत होते. पाचव्या दिवशी खुर्ची घेऊन गेले. आठव्या दिवशी बायको चहा घेऊन वर आली, तर हे पेटीच्या फळीला कान लावून डोळे मिटून बसलेले.

“अहो, झोपलात की ऐकताय?”

“दोन्ही,” ते म्हणाले.

आणि ते खरंच होतं. आतून येणारा आवाज त्यांना वाचनालयासारखा वाटे. पंधरा हजार माणसं ओठ हलवत मनातल्या मनात वाचताहेत, आणि कोणी कोणाला ‘शू:’ करत नाहीये. ऊन टाकीवरून घसरत खाली येई, मेणाचा वास येई, आणि आपण कुठे संपतो आणि दुपार कुठे सुरू होते ते त्यांना कळेनासं होई. बायकोने जुन्या पडद्याची जाळी शिवून त्यांना टोपी करून दिली. ती घालून ते रोज सकाळी झाकण उघडत, पोळ्याची एकेक चौकट वर काढत आणि वहीत नोंद करत: चौकट तिसरी, डावीकडे अळ्या, उजवीकडे मध, वर पराग. पेटीची सूची चालली होती म्हणा ना. माश्यांना हे रुचत होतं की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पुस्तकांनी कधी तक्रार केली नव्हती.

तक्रार इमारतीच्या सेक्रेटरींनी केली.

“गच्चीवर जनावरं पाळायला बंदी आहे.”

“माश्या जनावरं नाहीत,” सूचीकार म्हणाले.

“मग काय आहेत?”

सूचीकार विचारात पडले. ‘जनावरे – पाहा: प्राणी’, ‘प्राणी – पाहा: कीटक’, असं त्यांच्या डोक्यात सुरू झालं आणि ते तिसऱ्या ‘पाहा’पर्यंत पोचायच्या आत सेक्रेटरींनी निकाल दिला. “हे बघा, एक तर पालिकेचा परवाना आणा, नाहीतर आठही घरांच्या सह्या आणा. मला वैयक्तिक काही नाही. मला फक्त कागद पाहिजे.”

पालिकेत जायच्या दिवशी सकाळी सूचीकारांनी केसांना जरा जास्त वासाचं तेल लावलं आणि तसेच पेटीपाशी गेले. माश्यांना उग्र वास चालत नाही हे त्यांच्या कपाटातल्या मधमाश्यांवरच्या पुस्तकात होतं. पण ते ‘तेल’ या शब्दाखाली नव्हतं. उजवा गाल असा सुजला की तोंडातून शब्द फुटेना. मग बोलायला बायको बरोबर गेली.

कारकुनाने गालाकडे पाहिलं आणि सहानुभूतीने कुत्र्याचा फॉर्म काढला.

“संख्या?”

“असतील पंधराएक हजार,” बायको म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं. “एका घरात दोन. तीन असले तर साहेबांची सही लागते.”

“मग घ्या की साहेबांची सही.”

“साहेब तीनपर्यंतच करतात.” कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने टेबलावर वाकून आवाज खाली आणला. “असं करू या मावशी. त्यांच्यातली मुख्य कोण?”

“राणी.”

“मग तिच्या एकटीचा अर्ज करा. बाकीचे पाहुणे दाखवू. पाहुण्यांना परवाना लागत नाही, फक्त सात दिवसांत ते गेले पाहिजेत. राणीचे दोन फोटो आणा, समोरून, कान दिसतील असे. आणि लस टोचल्याचा दाखला.”

परत येताना सूचीकार काही बोलले नाहीत. गाल दुखत होता हे एक कारण. दुसरं असं, की अडतीस वर्षं जगातली प्रत्येक गोष्ट योग्य शब्दाखाली बसवणाऱ्या माणसाला आज कुठल्याच रकान्यात जागा मिळाली नव्हती.

राहता राहिल्या सह्या. इथे पहिल्या मजल्यावरचे मापवाले पुढे सरसावले. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून ते कशाचंही माप काढत, आणि न मागता सल्ला देत.

“सूचीकार, तुम्ही अगदीच साधे. घरटी एक बाटली मध द्या. सह्या जिना चढून येतील.”

“पण मध अजून—”

“अहो, त्यात काय अजून? गाय ठेवली की दूध, माश्या ठेवल्या की मध!”

सूचीकारांना नाही म्हणता येत नसे, हे ताईइतकंच मापवाल्यांनाही आता ठाऊक झालं होतं. त्यांनी चौकटी बाहेर काढल्या. मधाच्या काही घरांवर माश्यांनी पांढऱ्या मेणाची झाकणं बसवली होती, बरीच घरं उघडी होती. उघडी घरं पिळायला सोपी, म्हणून त्यांनी ती आधी पिळली. मग झाकणांची पिळली. पातळ फडक्यातून सोनेरी धार पातेल्यात पडत होती आणि ते धारेकडे बघता बघता इतके हरवले, की बायकोला दोनदा हाक मारावी लागली.

“सगळाच काढलात? मग त्यांनी काय खायचं?”

“बाहेर फुलं आहेत की,” सूचीकार म्हणाले. पण फुलांचे दिवस सरत आले होते. ते त्यांनी पाहिलं नव्हतं. ते पेटीत बघत होते.

मापवाल्यांनी मधाची परीक्षा घेतली. एक थेंब पाण्यात टाकला, एक कागदावर ठेवला, एकात काडी बुडवून ती पेटवली. “शंभर टक्के!” त्यांनी जाहीर केलं. सात घरांत सात बाटल्या गेल्या, सात सह्या आल्या, आठवी स्वतःची. सेक्रेटरींनी कागद आपल्या कपाटात ठेवला, शेजारी आपली बाटली ठेवली आणि कुलूप लावलं.

माश्या मध करतात म्हणजे फुलातलं पातळ पाणी आणून पंखांनी वारा घालून आटवतात, आणि पुरेसं आटलं म्हणजेच वर झाकण लावतात. झाकण नाही म्हणजे मध अजून कच्चा, त्यात पाणी जास्त, आणि तो आंबणार. हे सूचीकारांना बाटल्या वाटल्यावर बाराव्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर ‘फट्’ असा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसऱ्यावर झाला. मापवाल्यांची बाटली तर त्यांच्या डोळ्यांदेखत उडाली, आणि झाकण दिव्याला लागलं. इमारतभर आंबूस गोड वास पसरला. सेक्रेटरींचं कपाट बंद होतं, त्यामुळे तिथला आवाज कोणी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा आठ सह्यांचा एक निळा डाग झालेला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

“महिन्याभरात पेटी हलवा,” सेक्रेटरी म्हणाले. “मला वैयक्तिक काही नाही.”

हलवायची कुठे? ताईची टेकडी संपली होती, आणि ही ताईची शेवटची पेटी होती. पन्नास वर्षांतलं तिचं तेवढंच शिल्लक होतं आणि ते या गच्चीच्या कोपऱ्यात होतं. सूचीकारांनी ठरवलं, माश्या धडधाकट असल्या, राहायला हक्काची जागा मिळाली, की मगच ताईला लिहायचं. तोवर कोणत्या तोंडाने लिहायचं?

पण माश्या धडधाकट नव्हत्या. दारातली वर्दळ कमी झाली. पेटी उचलून पाहिली तर रिकाम्या पेटाऱ्यासारखी हलकी. कान लावला तर वाचनालयात चार-दोनच वाचक उरल्यासारखं वाटलं. फुलं नाहीत आणि साठवलेलं आपण पिळून वाटलं, हे आता त्यांना दिसलं.

त्यांनी कपाटातून मधमाश्यांवरचं ते जुनं, जाड पुस्तक काढलं. त्याची एक प्रत त्यांनीच पूर्वी ताईला दिली होती, आणि ताई या नादाला लागली ती त्याच पुस्तकामुळे. सूचीकार पुस्तक कधी सरळ वाचत नसत. त्यांनी शेवट उघडला. ‘अन्न, मधमाश्यांचे – ११३.’ पान एकशे तेरा काढलं. अगदी तळाची ओळ होती: ‘मधमाश्यांसाठी मधाइतके चांगले दुसरे अन्न नाही.’ सूचीकारांनी पुस्तक मिटलं.

“मध?” मापवाले म्हणाले. आंबलेल्या बाटलीमुळे त्यांच्या परीक्षेला जो बट्टा लागला होता, तो धुऊन काढायची संधी त्यांना हवीच होती. “माझ्याकडे बरणीभर आहे. दुकानातला. पंचवीस-तीस ठिकाणचा एकत्र केलेला असतो, म्हणजे पंचवीस-तीस पट चांगला.”

मध ताटलीत ओतून पेटीजवळ ठेवला. माश्यांनी तो संध्याकाळपर्यंत चाटून पुसून संपवला. चार दिवस गच्चीवर जत्रा होती. कुठकुठल्या परक्या माश्याही आल्या आणि मारामाऱ्या झाल्या. पण आवाज वाढला होता, आणि सूचीकार त्या आवाजात पुन्हा दुपारभर तरंगू लागले. स्वप्नात त्यांना सूचीतले शब्द पंख फुटून उडताना दिसत आणि एकेक करून आपापल्या पानावर जाऊन बसत.

पंधरा दिवसांनी पेटीतून वास आला. आंबट, मेल्यासारखा. चौकटीतल्या अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या असायच्या, त्या पिवळ्या पडून घरात लोळागोळा झाल्या होत्या.

बायकोने कळवलं आणि मधमाशी खात्याच्या तपासनीस बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हाताला मेणाचे डाग. त्यांनी धूर दिला, चौकट उन्हात धरली आणि विचारलं, “बाहेरचा मध घातलात?”

“बरणीभर,” बायको म्हणाली. सूचीकार टाकीकडे बघत होते.

“दुसऱ्या पोळ्यातला मध कधी घालायचा नाही. तिथल्या माश्यांचं दुखणं त्याच्याबरोबर येतं. माणसाला काही होत नाही, अळ्या मरतात. उपाशी असल्या तर साखरेचा पाक द्यायचा, पेटीच्या आत, संध्याकाळी. आपल्याकडे या विषयावर एकच जाड पुस्तक आहे, त्यात आहे हे सगळं, एकशे चौदाव्या पानावर.” त्यांनी एक आगकाडी काढली. “आता बघा. ही काडी मेलेल्या अळीत बुडवून वर ओढायची. चिकट तार निघाली, तर दुखणं सर्वांत वाईट. मग खड्डा करून पेटी जाळावी लागते. माश्यांसकट.”

सूचीकारांनी बायकोचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी तो धरल्याची ही पहिलीच वेळ, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. काडी आत गेली. काडी वर आली. तार निघाली नाही.

“वाचलात,” बाई म्हणाल्या. “हे दुसऱ्या जातीचं आहे. कदाचित निभावेल, नक्की नाही. माश्या स्वच्छ पेटीत झटकू, जुन्या चौकटी जाळू. आणि आजोबा, तुम्ही झाकण किती वेळा उघडता?”

“रोज,” बायको म्हणाली.

“रोज!” बाईंनी कपाळाला हात लावला. “तुमच्या घराचं छप्पर रोज सकाळी कोणी उचललं तर? त्यांची ऊब जाते, सगळं काम पहिल्यापासून. आता एकवीस दिवस हात लावायचा नाही. अंड्यातून माशी व्हायला तेवढे लागतात. दारातून बघा काय बघायचं ते.” हात धुता धुता त्या म्हणाल्या, “तुमचा दोष नाही. पुस्तक चांगलं आहे, पण त्याची सूची अगदी भिकार. बाहेरच्या मधाचा उल्लेखच नाही. कोणी केली कोण जाणे.”

बायकोने तोंड उघडलं. सूचीकारांना मोठ्याने खोकला आला.

जाताना बाईंनी एका कागदावर ‘पेटी उपचाराखाली आहे, पुढील सूचनेपर्यंत हलवू नये’ असं लिहून खात्याचा गोल शिक्का मारला. सेक्रेटरींनी शिक्का उजेडात धरून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं.

सूचीकारांनी पुस्तक काढलं आणि एकशे तेरावं पान उलटलं. एकशे चौदाव्याच्या माथ्यावर वाक्य पुढे चालू होतं: ‘परंतु तो त्यांचा स्वतःचाच असला पाहिजे.’ त्याखाली पानभर तेच, परक्या मधाचं भय. हे पुस्तक त्यांच्या हातून गेलं त्या वर्षी त्यांनी सतरा पुस्तकांच्या सूची केल्या होत्या. हे पान कोणत्या दुपारी, कसल्या गुंगीत निसटलं, ते आठवेना. इतकी वर्षं ते पान तिथेच होतं, आणि तिथे जायचा रस्ता त्यांनीच लिहायचा ठेवला होता.

एकवीस दिवस फार सावकाश गेले. सूचीकार खुर्ची टाकून पेटीच्या दारासमोर बसत. वही नाही, टोपी नाही, मांडीवर रिकामे हात. बायकोही मटार सोलायला, कधी नुसतीच, शेजारी येऊन बसे. आधी दाराशी पाच-सात माश्या दिसत, दमल्यासारख्या. ढग टाकीवरून जात. कधी त्यांना वाटे, आत कोणी उरलंच नाही आणि आपण एका रिकाम्या खोक्यापुढे म्हातारे होत बसलोय. कधी वाटे, आपणच आत आहोत आणि बाहेर कोणीतरी झाकण न उघडता धीराने बसलंय.

दहाव्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, हिच्या पायाला काय लागलंय?”

एक माशी दारात उतरली होती. तिच्या मागच्या पायांवर पिवळे दोन गोळे होते, मोहरीएवढे. पराग. पराग अळ्यांसाठी नेतात. म्हणजे आत अळ्या होत्या, खाणाऱ्या, जिवंत. सूचीकार इतके हलके बोलले की ते बोलले की नाही याची बायकोला शंका आली.

“आत कोणीतरी लहान आहे.”

एकविसाव्या दिवशी तपासनीस बाईंनी झाकण उचललं. तीनच चौकटी भरल्या होत्या, पण अळ्या पांढऱ्याशुभ्र. बाईंनी वास घेतला. “नुसता मेणाचा वास. चांगल्या आहेत. यंदा मधाचं नाव काढायचं नाही.”

“बाई,” सूचीकार म्हणाले. “ती सूची मी केली होती.”

बाईंनी चौकट अलगद जागेवर ठेवली.

“मग दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी दहावं उत्तर एका बैठकीत झालं. “प्रिय ताई, पेटी पोचली. मी तिचं खूप हाल केलं. कच्चा मध काढला, तिला उपाशी ठेवली, मग परका मध घालून आजारी पाडली. आता तीन चौकटी आहेत आणि बऱ्या आहेत. मला ती पाहिजे. तुझ्याकडच्या पुस्तकात शेवटी ‘मध’ या शब्दाखाली एक ओळ तुझ्या हाताने लिही: परका, माश्यांना देण्यातला धोका – ११४. ती माझ्याकडून राहिली होती. तुझ्या माश्यांना तिच्यामुळे कधी काही झालं का, ते कळव. झालं असेल तर खरं लिही.”

वाचलं. फाडलं नाही. पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या पत्रपेटीशी गेले, पाकीट अर्धं फटीतून आत घातलं, आणि तसेच उभे राहिले. ‘हाल केलं’ की ‘हाल केले’? ‘मला ती पाहिजे’ हे जरा आगाऊ नाही का होत? बोटं पाकिटावर होती. किती वेळ गेला कळलं नाही. खाली किल्लीचा आवाज झाला, पोस्टमनने पेटीचं दार उघडलं आणि पत्रं पोत्यात भरू लागला.

“हे कोणी धरलंय वरून?” आतून आवाज आला.

“मी,” सूचीकार म्हणाले.

“आजोबा, टाकायचंय की काढायचंय?”

“टाकायचंय.”

“मग सोडा की!”

आणि सूचीकारांनी सोडलं.